विमानावरची हौसा आत्ती

“तुम औरत बनाता?”

मी शिडीवर उभा राहून ‘गो स्लो’च्या पाटीतला शेवटचा डब्ल्यू ओढत होतो. खालून हा प्रश्न आला आणि डब्ल्यूचा पाय पार पाटीबाहेर गेला.

खाली एक अमेरिकन वैमानिक उभा होता. ताडमाड उंची, सुपासारखे कान आणि उन्हानं साल निघालेलं नाक. एका हातात पीचच्या फोडींचा डबा, दुसऱ्या हातात मासिकातून फाडलेलं एका बाईचं रंगीत चित्र. बाई वाळूत आडवी पडून हसत होती. तिच्या अंगावर कपडे होते असं शपथेवर सांगता आलं नसतं.

“औरत,” तो चित्रावर बोट आपटत म्हणाला. “मेरा हवाई जहाज. नाक पर.” आणि त्यानं पीचचा डबा माझ्यापुढं धरला.

तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

ही गोष्ट चव्वेचाळीस सालची. लढाई ब्रह्मदेशाच्या हद्दीवर येऊन धडकलेली, आणि आमची इंजिनियर कंपनी आसामात, चहाच्या मळ्याशेजारच्या एका धावपट्टीवर अमेरिकनांच्या दिमतीला. मी कंपनीचा पेंटर. ज्योतिराम मेस्त्री, राहणार कोल्हापूर, गंगावेस. फौजेत येण्याआधी तिथल्याच एका सिनेमाच्या स्टुडिओत पडदे रंगवायचो. राजवाडे, अरण्यं, हिमालय, सांगाल ते. लढाईमुळं कच्ची फिल्म मिळेना, काम थंडावलं, तसा मी भरती झालो. अमेरिकनांना ‘ज्योतिराम’ म्हणता येईना. ते मला ‘जो’ म्हणत.

त्या वैमानिकाला सगळा तळ ओळखायचा, आणि ओळखून हसायचा. लेफ्टनंट लेस्टर. आम्ही त्याला लिस्टरसाहेब म्हणायचो. पठ्ठ्या लढाऊ विमान चालवायचा, पण साडेसाती अशी हात धुऊन मागं लागलेली की शनीलाही कंटाळा यावा. एकदा तो भलत्याच तळावर उतरला आणि तिथल्या मेसमध्ये पोटभर जेवून होईपर्यंत त्याला त्याचा पत्ता नव्हता. एकदा विमानाच्या पोटाखालची पेट्रोलची जादा टाकी चुकून सुटली, ती थेट कर्नलसाहेबांच्या न्हाणीघरावर पडली. टाकी रिकामी होती. न्हाणीघर नव्हतं. साबणाच्या फेसाखेरीज अंगावर काही नसलेले कर्नलसाहेब धावपट्टीवर आले तेव्हा त्यांना सलाम ठोकावा की तोंड फिरवावं हेच आम्हाला कळेना. बरं, शत्रूचं म्हणाल तर लिस्टरसाहेबानं आजवर एक घार तेवढी पाडली होती. तीही पंख्यात सापडून.

बाकीच्या वैमानिकांच्या विमानांवर, अगदी नाकाशी, एकेक रूपवती रंगवलेली असायची. त्या बायकांमुळं माणूस सुखरूप परत येतो, असा त्यांचा समज. बायका रंगवणारा त्यांचा सार्जंट मलेरियानं आडवा झाला आणि लिस्टरसाहेबाचं विमान तेवढं बोडकं राहिलं.

“ऐसा?” मी चित्राकडं बघून विचारलं.

“ऐसा. हँसता हुआ.”

मी डबा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रंग घेऊन विमानापाशी हजर झालो.

आता खरं सांगायचं तर मी जन्मात बाई रंगवली नव्हती. स्टुडिओत माणसांची तोंडं काढायला वेगळे आर्टिस्ट असत. माझ्याकडं डोंगर आणि खांब. पण पीचची फोड जिभेवर विरघळली की आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागतं. बाईचं अंग जमलं. डोंगरच ते, जरा आडवे. केस जमले. मग चेहरा घेतला. हसरे ओठ काढायला गेलो, ते घट्ट मिटले. मिचकावणारा डोळा काढायला गेलो, तो रोखून बघायला लागला. नाक पुसून पुन्हा काढलं, पुन्हा तेच आलं. दुपारी घाम पुसत मी चार पावलं मागं सरलो, आणि माझ्या हातातला ब्रश गळून पडला.

विमानाच्या नाकावर, पोहायच्या कपड्यांत, माझी हौसा आत्ती आडवी पडली होती.

हौसा आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई-वडील मी लहान असतानाच गेले, आत्तीनं मला वाढवलं. गंगावेशीत तिच्या म्हशी होत्या. संध्याकाळी ती कट्ट्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायची. तालमीतले पैलवान, एकमेकांची हाडं मोडायला मागंपुढं न बघणारे, तिच्यापुढं पेले धरून शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहायचे. जन्मापासून मी एकाच बाईच्या तोंडाकडं नीट निरखून बघत आलो होतो, कारण आज आधी जेवण मिळणार की मार, ते त्या तोंडावरूनच कळायचं. मग हाताला दुसरं काय येणार?

चेहरा पुसावा म्हणून चिंधी घेऊन वर गेलो, तर आत्ती अशी बघत होती की हात उचलेना. बरं, तिला त्या कपड्यांत तशीच ठेवायची? छे, छे! मी डोळे अर्धे मिटून घेतले. लाल रंग थोडा होता आणि लुगडं नऊवारी, म्हणून रंगात रॉकेल ओतून तो पातळ केला आणि आत्तीला घाईघाईनं लुगडं नेसवलं. मोकळे केस पदराखाली गेले. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू आलं. लुगड्यातली आत्ती आडवी शोभेना, म्हणून पाय नव्यानं काढून तिला उभी केली. मूळच्या बाईचा एक हात डोक्यामागं होता, तो आता उगारल्यासारखा दिसायला लागला. रिकामा हात बरा दिसेना, म्हणून त्यात म्हशीचं दावं दिलं. दुसऱ्या हातात दुधाची चरवी. खाली इंग्रजीत नाव घातलं, ‘हौसा’.

लिस्टरसाहेब शीळ घालत आला. शीळ मध्येच तुटली. तो डावीकडून बघून आला, उजवीकडून बघून आला.

“जो,” तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “हे कोण?”

आमचं बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदुस्तानी आणि उरलेलं हातवाऱ्यांनी चालायचं. इथं ते आपल्या भाषेत सांगतो.

“आंटी,” मी म्हणालो.

“कोणाची?”

“माझी.”

“ती इतकी रागावलीय का?”

“रागावलेली नाही, साहेब. ती अशीच असते.”

त्याच्या मागून आलेले वैमानिक हसून हसून जमिनीवर लोळायचे बाकी राहिले. एकजण म्हणाला, लिस्टर लढाईवर आला खरा, पण न्यायला घरचं माणूस आलंय. लिस्टरसाहेबाचे कान लालबुंद झाले.

“खरवड,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता खरवडून काढ.”

मी पत्र्याची पट्टी उचलली आणि भोंगा वाजला. जपानी विमानं येत होती.

मग काय, जो तो आपापल्या विमानाकडं धावला. लिस्टरसाहेबानं आत्तीकडं एकदा हताशपणे बघितलं आणि वर चढला.

“साहेब, रंग ओला आहे!” मी ओरडलो. पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय? आत्ती दावं उगारून धावपट्टीवरून जी गेली ती ढगात दिसेनाशी झाली.

आम्ही खंदकात बसलो. वर नुसती घरघर आणि मधूनच फटाक्यांच्या माळेसारखा आवाज. दिसत काहीच नव्हतं. मला राहून राहून एकच वाटत होतं. हा माणूस नशिबासाठी हसरी बाई मागायला आला होता, आणि मी त्याला आत्ती देऊन पाठवलं. त्याचं आज काही बरंवाईट झालं तर?

विमानं एकेक करून परत आली. लिस्टरसाहेबाचं सगळ्यांत शेवटी आलं. आत्तीच्या लुगड्याचा रंग वाऱ्यानं ओघळून पार मागपर्यंत पसरला होता. साहेब खाली उतरला तो पांढराफटक. उतरल्या उतरल्या बाहीनं समोरची काच खसाखसा पुसायला लागला. तेवढ्यात बाकीचे धावत आले आणि त्याला खांद्यावर घेऊन नाचायला लागले.

त्यांच्याकडून कळलं ते असं. जपान्यांचा म्होरक्या समोरून सरळ चालून आला, आणि लिस्टर त्याच्या अंगावर सरळ गेला. अशा वेळी दोघांतला एक कुणीतरी बगल देतोच. लिस्टर वळला नाही. केसभरसुद्धा नाही. शेवटी जपान्यालाच घाम फुटला. तो वळला, आणि वळताना असा उघडा पडला की दुसऱ्यांनी त्याला टिपलं. म्होरक्या पडलेला बघून बाकीचे माघारी पळाले.

“काय छाती आहे!” एक म्हणाला.

“अरे, जपानी लिस्टरला बघून नाही वळला,” दुसरा म्हणाला. “म्हातारीला बघून वळला!”

झालं. त्या दिवसापासून आत्तीचा भाव असा वधारला की विचारू नका. उड्डाणाला निघताना प्रत्येकजण आधी तिला सलाम करून जायचा. तिचं लुगडं मी पुन्हा नीट, घट्ट रंगात नेसवून दिलं. कर्नलसाहेबांनी नव्या न्हाणीघराच्या दारावर आत्ती काढून घेतली, पुन्हा वरून काही पडू नये म्हणून. कलकत्त्याहून एक पत्रकार आला, त्यानं विमानाचा फोटो काढला आणि तो छापूनही आला. लिस्टरसाहेबाला पदक मिळालं, कप्तान केलं, आणि चार विमानांची तुकडी त्याच्या मागं दिली. तो मात्र दिवसेंदिवस गप्प गप्प होत चालला. मला वाटलं, मोठा हुद्दा मिळाला की माणसं तशीच होतात.

अशात आमच्या कंपनीतला नायक धोंडी चौगुले कागलहून रजा संपवून आला. सामान खाली ठेवायच्या आधी माझ्याकडं आला.

“मेस्त्री, तुजी आत्ती भेटली.”

“कुठं?”

“कुठं म्हंजे? दोन पैलवान पाठवून मला घरातनं बोलावून घेतलं तिनं. त्यो विमानाचा फोटू कुणीतरी दावलाय तिला. सगळं कोल्हापूर बघतंय.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, त्याला इचार, तू येतोस का मी येऊ?”

मी तडक रजेचा अर्ज टाकला. विमानाखाली सावलीत बसलेल्या लिस्टरसाहेबाला सांगायला गेलो. त्यालाही विश्रांतीची रजा मिळालेली होती. त्याचे दोस्त अशा रजेत कलकत्त्याला नाचायला जायचे, नाहीतर दार्जिलिंगला.

“मीही तुझ्याबरोबर येतो,” तो म्हणाला. “मला तिला भेटायचंय.”

“साहेब, तिला भेटायला कुणी आपणहून जात नाही.”

तो हसला नाही. कर्नलसाहेबांनी मात्र दोघांच्याही रजेवर सही ठोकली, वर आत्तीला सलाम सांगितला.

मालवाहू विमानानं कलकत्ता आणि तिथून आगगाडीनं आमची वरात निघाली. वाटेत साहेबाचा एकच धोशा. नमस्कार कसा करायचा, ते शिकव. मी शिकवलं, “नमस्कार, आत्ती.” तो बिचारा खिडकीबाहेर बघत तेच घोकत बसायचा. मिरज येईपर्यंत त्याचं ‘नमस्कार, हत्ती’ झालं होतं. मी सुधारत गेलो तसा हत्ती पक्काच होत गेला.

आम्ही गंगावेशीत पोचलो तेव्हा संध्याकाळच्या धारा चालल्या होत्या. कट्ट्यावर ही गर्दी. आत्ती म्हशीच्या कासेला बसलेली. तिनं मान वर केली नाही.

“आलास?”

“आलो.”

“ह्यो कोण?”

“विमानवाले साहेब.”

लिस्टरसाहेब पुढं झाला. टोपी काढली, कमरेत वाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “नमस्कार, हत्ती!”

एका पैलवानाच्या तोंडातलं दूध नाकातून बाहेर आलं.

“काय म्हणाला त्यो?”

“आत्तीच म्हणाला. त्यांची जीभ जरा जड असते.”

“त्याची जीभ जड आन् तुजा हात हलका.” आत्ती चरवी बाजूला ठेवून उभी राहिली. “मला एक सांग, जोत्या. त्या फोटूत माझ्या हातात दावं हाय.”

“व्हय.”

“मग म्हस कुठाय?”

“म्हस... म्हस न्हाई.”

“म्हस न्हाई! मग मी दावं उगारलंय कुणावर? सगळं गाव म्हणतंय, नवऱ्यावर!”

तिचे यजमान, आमच्याकडं आत्तीच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात, कोपऱ्यात म्हशींची पेंड कालवत बसले होते. काडीसारखा माणूस, आवाज कधी चढला नाही. फोटो आल्यापासून लोक त्यांचं सांत्वन करायला यायचे. कुणी चहा पाजायचं, कुणी खांद्यावर हात ठेवायचं. कोपऱ्यावरच्या हलवायानं तर लाडू पाठवले होते.

“मी सांगतो की लोकांना, तसं काही न्हाई म्हणून,” मामा हळूच म्हणाले.

“सांगताना असलं तोंड करता की लोकांची खात्रीच पटती!” आत्ती कडाडली.

“काय म्हणतेय ती?” साहेबानं मला विचारलं.

“तुमची तब्येत विचारतेय.”

साहेबानं टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली. “जो, आता मी बोलतो ते तिला सांग. सगळं सांग. काही गाळू नको.”

आणि तो बोलायला लागला. थांबत, अडखळत, आत्तीच्या तोंडाकडं बघत. तो काय बोलतोय ते जसजसं कळत गेलं तसतसा मी आत्तीच्या हातापासून लांब सरकत गेलो. त्याचं बोलणं संपलं. आत्तीनं माझ्याकडं बघितलं.

“साहेब म्हणतात, चित्र लई छान झालंय.”

“एवढा येळ बोलला, डोळ्यात पाणी आणून, आन् चित्र छान झालंय व्हय? नीट सांग.”

मग मात्र सगळं सांगितलं. त्या दिवशी विमान उडालं आणि माझा रॉकेल घातलेला ओला रंग वाऱ्यानं मागं उडून समोरच्या काचेवर थापला गेला. साहेबाला लालभडक लुगड्याशिवाय काही दिसत नव्हतं. समोरून जपानी येतोय याचाच त्याला पत्ता नव्हता. तो वळला नाही, कारण कुठं वळायचं तेच कळत नव्हतं. तो डोळे मिटून आईला हाका मारत होता. डोळे उघडले तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि बाजूच्या काचेतून बघत कसाबसा खाली उतरल्यावर लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते. आता त्याच्या मागं चार पोरं उडतात. तो भीत नाही असं समजून त्याच्या मागोमाग येतात. आणि त्याला रोज सकाळी भीतीनं उलटी होते. हे तळावर कुणाजवळ बोलायची सोय नाही. जिच्यामुळं हा बोभाटा झाला तिला तरी खरं सांगावं, म्हणून तो इतक्या लांब आला.

मामांचा पेंडीतला हात तसाच राहिला.

आत्तीनं साहेबाला डोक्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता दावं उचलणार.

“ह्याला धार काढता येती का, इचार.”

मी विचारलं. साहेबाचा चेहरा प्रथमच उजळला. त्याच्या घरी गाईच गाई होत्या. चालायला लागला तेव्हापासून तो धारा काढत होता.

“मग बस म्हणावं. ही चंद्री. माझ्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाई.”

साहेबानं बाह्या सरसावल्या, चरवी गुडघ्यांत धरली आणि ऐटीत बसला. चंद्रीनं मान वळवून खाकी विजार बघितली आणि एक लाथ अशी घातली की चरवी एकीकडं आणि पदक मिळवलेला कप्तान शेणात. पैलवानांना आता आवरेना. साहेब उठला, कपडे झटकले, पुन्हा बसला. पुन्हा शेणात.

आत्ती घरात गेली आणि आपलं जुनं लुगडं घेऊन आली. “हे नेस म्हणावं.”

“आत्ती, अगं, फौजेतला कप्तान हाय त्यो!”

“तळावर असंल कप्तान. हितं गवळण हाय. नेसव त्याला.”

मी खाकी विजारीवरून लुगडं गुंडाळायला लागलो. मला ते चित्रात जमायचं, खऱ्यात कुठलं? शेवटी मामा हात धुऊन पुढं झाले. त्यांनी निऱ्या घेतल्या, काष्टा मारला, पदर डोक्यावरून असा सराईतपणे आणला की बघणारे बघतच राहिले. आत्ती आजारी पडली की पहाटेच्या अंधारात गोठ्यात मामाच लुगडं नेसून धारा काढतात, हे त्या दिवशी गंगावेशीला कळलं. मामांच्या ते लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

साहेब पुन्हा कासेला बसला. पदरातून दोन्ही कान बाहेर आलेले. चंद्रीनं मान वळवली, पदर हुंगला, एक लांब सुस्कारा टाकला आणि पान्हा सोडला. चरवीत धार वाजायला लागली. चुर्र, चुर्र. काय सांगू, हात होता त्याचा! एक पैलवान नकळत पेला घेऊन रांगेत उभा राहिला.

आत्ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली.

“बघ,” ती म्हणाली. मी भराभर इंग्रजी करत गेलो, जमेल तसं. “तिला काय ठावं आत कोण हाय ते? लुगडं वळखीचं दिसलं, हात थरथरला न्हाई. दिलं दूध. मी लगीन होऊन ह्या घरात आले तवा म्हशीला लई भ्यायची. सासूचं लुगडं नेसून धारंला बसायची आन् मनात देवाचा धावा करायची. अजून भ्याते. ही चंद्री तर लईच वंगाळ. पर तिला सांगितलं न्हाई कधी.”

साहेब धार काढता काढता कान देऊन ऐकत होता.

“त्या पोरास्नी तुज्या पोटातलं कशाला दिसतंय, लेकरा? त्यास्नी पुढचं इमान दिसतंय, सरळ चाललेलं. तेवढं दिसलं म्हंजे झालं. आन् उलटीचं काय? चूळ भरली की मिटलं.”

मी शेवटचं वाक्य सांगितलं आणि साहेब हसायला लागला. हसता हसता त्यानं डोक्यावरचा पदर ओढून डोळे पुसले. खरी बाई पुसते तसे. धार मात्र थांबवली नाही.

मागं कुणीतरी कुजबुजलं, “हौसाकाकू म्हशीला भिती?”

“कोण म्हणालं?” आत्ती गर्रकन वळली.

कुणीच म्हणालं नव्हतं.

परत निघताना आत्तीनं मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता जवळ घेईल. “गेल्याबरोबर पैली म्हस काढ,” ती म्हणाली. मी गेल्याबरोबर पहिली म्हैस काढली. शिंगं, वेसण, सगळं. आता आत्ती दावं कुणावर उगारतेय याविषयी जपान्यांनासुद्धा शंका राहिली नाही.

लिस्टरसाहेब लढाई संपेपर्यंत उडत राहिला आणि शेवटी सुखरूप आपल्या गाईंकडं गेला. पण मला जास्त आठवते ती रजेवरून आल्यानंतरची पहिली सकाळ. मी तेलाच्या पिंपांपाशी रंग ढवळत होतो. साहेब पिंपांच्या मागं गेला. काय होतंय ते आवाजावरून कळत होतं. मी पाठ फिरवून उभा राहिलो. मग चूळ भरल्याचा आवाज आला. साहेब बाहेर आला, टोपी सरळ केली, आणि सगळं आभाळ आपल्या मालकीचं असल्यासारखा त्या चार पोरांच्या पुढून चालत गेला. पोरं त्याच्या मागोमाग निघाली. दुपारी पाचही विमानं परत आली.

त्याच संध्याकाळी चौघांतला सगळ्यांत नवा, लेफ्टनंट डेल, माझ्यापाशी येऊन उभा राहिला. मिशी फुटायची होती अजून. त्यानं इकडंतिकडं बघितलं.

“जो, आमचा कप्तान कधी घाबरतो का रे?”

“कप्तान? छे.”

“मला वाटलंच.” तो बुटानं माती उकरत राहिला. “मी घाबरतो. फार घाबरतो.”

मी त्याच्या विमानाकडं बघितलं. नाकावर झोपाळ्यात बसलेली एक बाई डोळा मिचकावत होती. चांगली होती, पण काही कामाची नव्हती.

“साहेब, तुम्हाला आत्या आहे?”

“तीन आहेत.”

“त्यांतली सगळ्यांत खाष्ट कोण?”

“मिल्ड्रेड आत्या,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता नकळत ताठ उभा राहिला.